आठ दिवस जोतून पाहिलेला फोन

“आवाज येते काय? ए बापू, आवाज येऊन राह्यला काय?”

मामा वैनगंगेच्या पलीकडच्या काठावरून ओरडत होते. त्यांच्या कानाला माझा जुना फोन होता, माझ्या हातात दुकानातून आणलेला नवा, आणि मधे पौषातल्या सकाळचं इतकं दाट धुकं, की नदी आहे हे आम्ही दोघं नुसतं आठवणीवर धरून चाललो होतो. नव्या फोनचा आवाज केवढा, ते तपासणं चाललं होतं. अडचण एवढीच, की मामांचा आवाज आधी थेट पाण्यावरून यायचा आणि मग दम खात फोनमधून. मी फोन खिशात टाकला, खिशावर मफलर गुंडाळला, तरी मामा आपले स्वच्छ. धुक्यातून बगळ्यांची एक ओळ उठली आणि परत धुक्यातच विरघळली. लांब रेल्वेच्या पुलावर एक मालगाडी थबकली, आणि मी शपथेवर सांगतो, तिच्या ड्रायव्हरनं “हौ, येऊन राह्यला” असं उत्तर दिलं.

“मामाजी, फोन बंद करून बोला, मंग समजते,” मीही ओरडलो.

“बंद केल्यावर तुले ऐकू कसं येईन बे?” मामा म्हणाले. मला स्पष्ट ऐकू आलं.

अशा रीतीनं फोन आवाजाच्या परीक्षेत पास झाला. मामांनीच केला. परीक्षा कुणाची झाली हे विचारायची माझी टाप नव्हती.

फोन माझ्या आईसाठी होता. आई बालाघाटला माझ्याकडे राहते. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, राज्याच्या सीमेपलीकडे गोंदियाकडच्या एका खेड्यात दिलेली. या दोघी बहिणी कित्येक वर्षं दुपारी चार वाजता बटणांच्या फोनवर बोलायच्या. रोज. इकडे चहाचं आधण चढलं की तिकडेही चढायचं. मोठी बातमी कधीच नसायची. वांगी किडकी निघाली, शेजारच्या बकरीला दोन पिल्लं झाली, संपलं. पण त्या वेळी आईच्या पुढ्यात कुणी हत्ती आणून बांधला असता तरी तिनं त्याला नुसतं “सरक” म्हटलं असतं.

गेल्या पावसाळ्यात मावशीला लकवा मारला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. आई तरी महिनाभर फोन लावत राहिली. इकडून बोलायची आणि तिकडचा श्वास ऐकायची. मग एके दिवशी तिनं तो फोन पिठाच्या डब्यावर ठेवून दिला. म्हणाली, “बोलतच नाही त फोन काय कान खाजवाले लावाचा?”

जाऊन भेटावं तर दोन बसा बदलाव्या लागतात, आणि आईच्या गुडघ्यांनी बसच्या पायरीशी कायमचं वैर धरलेलं. तिकडून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती विचारायची. सगळे एकच सांगायचे, बरी आहे.

“बरी आहे म्हंजे कशी आहे?” आई विचारायची.

शेवटी तिनं मला सांगितलं, “मले तिले पाहाचं आहे. रोज, चार वाजता. आन मीच लावीन. दुसऱ्याच्या हातानं नोको.”

मीच लावीन याला कारण होतं. चार वाजता घरी दुसरं कुणी नसतं. मी दिवसभर कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझ्या अर्जात कुणाचं कौल फुटत नाही, छप्परच उडतं; त्यामुळे गर्दी असते आणि संध्याकाळपर्यंत उठता येत नाही.

तर प्रश्न असा होता, की चेहरा दाखवणारा स्वस्तातला फोन तिला पुरेल का. मावशीच्या सुनेकडे तसला एक होता, आणि मलाही तसलाच झेपणारा होता. कचेरीसमोर सल्ला फुकट मिळतो. एक म्हणाला कॅमेरा बघ. दुसरा म्हणाला बॅटरी बघ. तिसरा म्हणाला स्वस्त फोन सहा महिन्यांत इतका आळशी होतो की आपण नंबर लावून जेवून यावं. माझं डोकं गरगरायला लागलं तेव्हा आईनंच किरनापूरहून मामांना बोलावून घेतलं. मामा तिचे धाकटे भाऊ आणि मावशीचे मोठे; आईला ते बाई म्हणतात. साऱ्या जन्मात त्यांनी बैलांची दलाली केली. लोक म्हणायचे, मामा बैलाचे दात अंधारात वासावरून मोजतात. मी तर त्यांना बैलाशी वय विचारताना पाहिलं आहे. बैलानं खोटं सांगितल्यावर रागवतानाही पाहिलं आहे.

मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कागदावर बैल घेते काय कोनी? आठ दिवस जोतून पाहाचा. चालला त ठेवाचा. नाही त वापस.”

आमच्याकडे बैल असाच घेतात. जोडी घरी आणायची, आठ दिवस औताला, गाडीला, चिखलाला लावायची आणि मगच शब्द द्यायचा. फोन मात्र असा कुणी घेतल्याचं ऐकिवात नव्हतं.

दुकानदार तरुण होता आणि हिंदीत बोलायचा. म्हणाला, “दादाजी, इसमें ट्रायल नहीं होता।”

“तुझा बाप लांजी रोडवरचा ना?” मामांनी विचारलं. “त्याले मी ढवळी जोडी आठ दिवस जोताले दिलती. चौथ्या दिवशी एक बैल लंगडला. मी वापस घेतला. विचार त्याले.”

दुकानदारानं विचारलं नाही. ती लंगड्या बैलाची गोष्ट त्यानं घरी इतक्यांदा ऐकली असणार की त्याला तोंडपाठ असावी. त्यानं गिऱ्हाइकांना दाखवायला काचेवर ठेवलेला एक फोन उचलून दिला आणि सांगितलं, आठवें दिन पाँच बजे तक, उसके बाद आपका। मामांनी खूश होऊन आपला दुपट्टा त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली, कारण बैलाचा भाव असा कपड्याखाली बोटं दाबून ठरतो. त्या बिचाऱ्याला ती बोटांची भाषा कुठली माहीत. त्यानं विंचू चावल्यासारखा हात ओढला. मामा मला बाहेर येऊन म्हणाले, “पोरगा कच्चा आहे, पन खोटा नाही.”

मग आमचे ते आठ दिवस सुरू झाले. आता आठवलं की ते दिवस मला कुणी झोपेत दाखवल्यासारखे वाटतात. धानाची कापणी होऊन गेलेली, शेतं उघडी, सगळीकडे तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास, आणि त्या पिवळ्या उजेडात आम्ही दोघं प्रौढ पुरुष एक फोन घेऊन फिरतो आहोत.

किरनापूरला मामांच्या खळ्यात भर दुपारी फोन उन्हात धरला, तर पडद्यावरचं सगळं नाहीसं झालं. उरली काळी काच आणि तिच्यात मामांची मिशी. मामांनी विचार केला आणि दुपट्टा फोनवर पांघरून त्याखाली आपलं डोकं घातलं. मी पण घातलं. आत निळसर, शांत उजेड होता, तळ्याच्या बुडाशी बसल्यासारखा. मावशीचा जुना फोटो मी फोनमध्ये टाकून ठेवला होता. लग्नातला. कपाळभर मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. मामा त्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिले. बाहेरून जाणाऱ्या एकानं विचारलं, “काय, सौदा चालू आहे काय?” मामा दुपट्ट्याखालूनच म्हणाले, “हौ. थांब जरा, मानत नाही अजून.” त्या दिवशी गावात बातमी गेली की म्हातारा आता फोनशी बोटं दाबून भाव करतो.

नंतर फोन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चिखलात पडला. पडला म्हणजे मामांनी पाडला. निघाला तेव्हा त्याच्यावर इतका चिखल होता की त्यावर धान पेरता आलं असतं, पण पुसल्यावर तो जागा होता. एकदा मामांनी तो बैलगाडीत तणसाच्या ढिगाखाली टाकून दिला आणि दिवसभर विसरले. संध्याकाळी तणसातूनच घंटी वाजली. बैल इतके चपापले की ती गाडी त्या दिवशी घरी पोचायच्या आधी घरी पोचली. बॅटरीचं म्हणाल तर सकाळी भरलेली दुसऱ्या दुपारपर्यंत टिकायची. मामांनी आपल्या हिशेबानं सांगितलं, “वैरन कमी खाते.” बिचाऱ्यात खोट एकच दिसली. नवं काही उघडायला सांगितलं की तो क्षणभर गप्प राहायचा, जसा एखादा जावई सासऱ्याच्या प्रश्नाला राहतो. मामांना ते आवडलं. विचार करून पाऊल टाकते म्हणाले.

एका दिवशी मी कामासाठी बसनं बिरशाकडे गेलो तर फोन सोबत नेला. साजा आणि साल वृक्षांचं जंगल लागलं तशी रेंज एकेक काडी करून विझत गेली. मग फोन कुणालाच लागेना आणि कुणाचाच येईना. मी तो खिडकीशी धरून बसलो. काळ्या काचेत झाडं उलटी पळत होती, मधे मधे कवडशाचं पाणी चमकत होतं, आणि त्या सगळ्यावरून माझा चेहरा तरंगत चालला होता, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. मला वाटलं, मावशी आता अशीच असेल. सगळं दिसतं, सगळं आत चालू आहे, नुसती काडी नाही. मी बिरशाला उतरलो तेव्हा माझं काम काय होतं ते मला आठवायला चहा प्यावा लागला.

रेंज गेल्याचं मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, “बाईले बिरशात कोनाशी बोलाचं आहे?” विषय संपला.

सात दिवस असे गेले. आणि या सात दिवसांत आम्हा दोन शहाण्यांना एकदाही सुचलं नाही की ज्या बाईसाठी हा बैल आणला, तिच्या हाती दोरी देऊन पाहावी. ही चूक मी मामांच्या नावावर टाकतो, कारण बैल पारखताना बायका मागंच उभ्या असतात, ही त्यांची सवय. पण अर्ज लिहिताना मी तरी कुठं अर्जदाराला विचारतो.

आठव्या दिवशी दुपारी मी कचेरीसमोरून लवकर आलो. मामा आलेच होते. अंगणात चिंचेखाली रेंज चांगली यायची म्हणून आईनं तिथं पोतं अंथरलं, हात धुतले, नवं लुगडं नेसली. मावशीच्या सुनेला सांगून ठेवलं होतं, की चारला तिकडून लावायचा. आईला मी शिकवलं. फोन वाजला की मावशीचा फोटो येईल, खाली हिरवा गोल येईल, त्यावर बोट ठेवून वर सरकवायचं.

चारला फोन वाजला. फोटो आला, गोल आला. आईनं बोट ठेवलं आणि सरकवलं. काही झालं नाही. परत सरकवलं. अंगठ्यानं सरकवलं. फोन वाजून वाजून थकला आणि गप्प झाला.

“जोरानं दाब,” मामा म्हणाले. “गोचीड चेंगरतो तसा.”

परत वाजला. तिनं चेंगरला. फोनला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग मला कळलं. आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. दिवसाला हजार म्हणतात लोक, मी म्हणतो त्या विड्या एकापुढे एक ठेवल्या तर त्यांची टोकं नर्मदेला भिजली असती. तेंदूच्या पानानं आणि तंबाखूनं तिच्या बोटांच्या शेंड्यांवरची सगळी नक्षी पुसून नेली होती. पावसाळ्यात धानाची रोवणी, उरलेलं वर्ष विडी. बोटं सागाच्या सालीसारखी झालेली. रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा त्या यंत्रावर उमटत नाही. दर वेळी मलाच जावं लागतं. हे मला रोज माहीत होतं आणि आठ दिवस माहीत नव्हतं.

“थांब,” आई म्हणाली. विडीचं पान नरम करायला बोटं पाण्यात बुडवायची तिची जुनी रीत. तिनं वाटीत पाणी आणलं, बोट बुडवलं आणि काचेवर ठेवलं. आता फोन नको तितका जागा झाला. थेंब जिकडे ओघळला तिकडे तो धावला. त्यानं टॉर्च लावली, चिंचेचा फोटो काढला, आणि कचेरीतल्या एका बड्या बाबूला फोन लावून दिला. त्याला मी काय काय सांगून सुटका करून घेतली, तो एक वेगळाच अर्ज होईल.

मी माझ्या फोनवरून दुकानदाराला विचारलं, महागातला घेतला तर हे चालेल का. तो खरं बोलला. “महंगा लोगे तो भी उंगली तो वही रहेगी ना, भैया।”

मामांनी काच पुसली, फोन हातात तोलला आणि फार हळू आवाजात, म्हणजे फक्त आमच्या आळीला ऐकू जाईल इतक्या, म्हणाले, “बैल चांगला आहे. दात चांगले, खूर चांगले. पन धन्याले ओळखत नाही. असा बैल ठेवाचा नसते, बाई.”

“राहू दे मंग,” आई म्हणाली. तिनं सूप ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली. नव्या लुगड्यावर कोंडा पडत होता. मी फोनचा डबा आणला. साडेचार होऊन गेले होते. चिंचेची सावली अंगणभर लांबली होती आणि उन्हाचा रंग जुन्या तुपासारखा झाला होता. कुठं तरी धानाची गिरणी चालू होती, तिची ती एकसुरी धडधड, जिच्यात माणूस बसल्याबसल्या लहान होत जातो.

मी फोन डब्यात घालणार, तेवढ्यात तो परत वाजला. मावशीच्या सुनेनं जिद्द धरली असावी. मी उचलायला बोट पुढं केलं.

“तू नोको,” आई म्हणाली. “फोटो त पाहू दे जाताजाता.”

तिनं फोन माझ्या हातून घेतला. तिची नजर आता अधू आहे. नीट पाहायची वस्तू ती नाकाजवळ नेते. सुई असो, पत्रिका असो. तसाच तिनं फोन नेला. मुंडावळ्यांतली ती खाली घातलेली मान पाहायला ती जवळ गेली, आणखी जवळ, आणि लेकराच्या गालाला नाक लावावं तसं तिचं नाक काचेला लागलं आणि वर सरकलं.

घंटी थांबली. फोटो गेला. त्या जागी मावशी होती.

मी खूप खोटं बोलतो, पण इथं मला काही वाढवता येत नाही. मावशी बाजेवर बसली होती, पाठीला उशी. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं, केस कोरडे, विस्कटलेले. तिनं आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे पाहिलं. मामा मधे घुसले, छाती भरून घेतली आणि “आवाज येते का...” इतकंच म्हणाले, कारण आईनं न पाहताच त्यांच्या तोंडावर तळहात ठेवला. तो तिनं काढला नाही. मामाही तसेच राहिले.

मग दोघी नुसत्या बसल्या. गिरणी बंद पडली असावी, किंवा मला ऐकू येईनासं झालं असावं. मला तर वाटतं त्या वेळी वैनगंगासुद्धा पुलाखाली जरा उभी राहिली होती. तिकडे सुनेनं मावशीच्या डाव्या हातात चहाची कपबशी दिली. मावशीनं कप उचलला, हलत, सांडत, आणि ओठाला लावला. आईनं सुपातला हात तोंडापर्यंत नेला, रिकामाच. मामांच्या डोळ्यांत चुलीचा धूर गेला. चूल पेटलेली नव्हती, पण मामांना धूर लांबचाही लागतो.

फोन तिकडून ठेवला गेला. मामा तळहातामागून मोकळे झाले, खोकले, आणि दलाल तो दलाल, म्हणाले, “एक डाव त बैल कोनाच्याही मांगं जाते. आता तू लावून पाह्य.”

मी पडद्यावर मावशीचा तो फोटो मोठा करून ठेवला, ज्याला टोचलं की फोन लागतो. आईनं तो डोळ्यांपाशी नेला आणि या वेळी मुद्दाम, देवाला टेकावं तसं नाक टेकलं. नेहमीप्रमाणे फोननं क्षणभर विचार केला. मग लागला. तिकडून सुनेचा आवाज आला, “काय वं माय, काय झालं?” आई “काही नाही” म्हणाली, आणि ठेवायला तिनं परत नाक टेकलं.

मामांनी उन्हाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या डब्याकडे.

“पाच वाजाले आले, बाई. ठेवाचा का वापस कराचा?”

आईनं सूप मांडीवर घेतलं.

“उद्या तिच्या सुनेले सांगा लागते,” ती म्हणाली, “डोक्शाले तेल लावत जा म्हनून.”